जोडाखालची फूट

तळेगावच्या वाटेवर कुणीतरी नवी नर्सरी काढली आहे, असं दूधवाल्यानं सांगितलं, म्हणून मी आणि ताई टांगा करून तिकडे गेलो. माझ्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईनं काय करावं, याविषयी लोकांची मतं ठरलेली असतात: पोथी वाचावी, नाहीतर झाडं लावावीत. पोथीशी माझं कधी जमलं नाही, तेव्हा उरली झाडं. त्यातही फुलांपेक्षा फळं बरी. त्यांच्याकडून निदान काही अपेक्षा धरता येते. एक अंजीर, कुंपणाशी तुती आणि जमलंच तर स्ट्रॉबेरीचा एखादा वाफा, असा बेत होता. ताई आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती. ती म्हणाली, "चल, मीही येते. तुला कुणी काहीही विकेल."

नर्सरीवाला टाकव्याचा. डोक्याला रंगीत फेटा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यानं आम्हाला आधी गुलाब विकून पाहिले, मग क्रोटन, मग एक पाम, आणि सगळ्यांना नाही म्हटल्यावर मोठ्या नाराजीनं अंजिराकडे नेलं.

"घ्या बाई. पुरंदरी हाय. नुसती साखर."

"आपल्याकडच्या पावसात टिकेल का?"

"टिकंल की! उंबराच्या खुंटावर बांधलंय कलम. उंबराची मुळं लय चिवट. फकस्त येक ध्यानात ठिवा. ह्यो जोड दिसतोय न्हवं? ह्याच्या खालनं फूट आली की लगीच खुडायची. न्हाईतर वरचं अंजीर जातंय मरून आन् तुमी आपल्या पानी घालताय उंबराला!"

स्वतःच्या विनोदावर तो पोट धरून हसला. मी हसले नाही. ताई शेजारीच उभी होती, आणि तिच्याकडे बघण्याचं मला धैर्य झालं नाही. मी त्या जोडाकडे पाहत राहिले. बोटाएवढ्या खोडावर चिंधी गुंडाळलेली, वर अंजिराचं खरखरीत, पंज्यासारखं पान. दुखऱ्या बोटाला पट्टी बांधावी तसं ते दिसत होतं. आणि मला लोणावळ्याचा तो ओला वास आला, गोणपाटाचा, बुरशीचा, शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर वाळणाऱ्या दमट लुगड्यांचा.

लोणावळ्याला आमचा बंगला होता. बंगला म्हणायचं ते अप्पा म्हणत म्हणून. खरं तर चार खोल्या, पुढे व्हरांडा आणि मागे डोंगर. अप्पा रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते. आयुष्यभर ज्या साहेबांच्या सह्यांसाठी कागद पुढे केले, ते साहेब खंडाळ्याच्या कड्यावर बंगले बांधून राहत. म्हणून पेन्शन घेतल्यावर अप्पांनीही थंड हवेत घर बांधलं. फाटकावर संगमरवरी पाटी लावली: 'फर्न व्ह्यू'. नेचे दिसत ते फक्त न्हाणीघराच्या भिंतीवर.

अप्पा सुधारक होते. याचा अर्थ आमच्या घरात देव नव्हते असा नाही. देव होते, पण आईच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात. आणि अप्पा त्या फडताळाकडे पाहत नसत. दोन्ही बाजूंचं एकमेकांवाचून बरं चाललं होतं. घरी आलेला पाहुणा 'देवाच्या कृपेनं सगळं ठीक' असं म्हणाला, तर अप्पा चष्म्यावरून बघून म्हणत, "कृपा नव्हे, योगायोग म्हणा." पाहुणा ओशाळून योगायोग म्हणे आणि चहा लवकर संपवी.

अप्पा येण्यापूर्वीपासून त्या जागेच्या पुढच्या अंगाला करवंदीची मोठी जाळी होती. आमचे पहिले दोन उन्हाळे तिच्यात गेले. चैत्रात तिला फुलं येत, पांढरी, जुईसारखी, आणि दुपारच्या उन्हात त्यांचा वास घरात शिरून आईला झोप लावी. मग हिरवी करवंदं, त्यांचा चीक ओठांना चिकटे, आणि वैशाखात काळी. ताई आणि मी पदरात भरून आणत असू. एकेक करवंद दातानं अर्धं तोडायचं आणि आधी विचारायचं, "कोंबडा का कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. ताई करवंद नुसतं बोटात फिरवून सांगे आणि बहुतेक वेळा बरोबर सांगे. मी विचारलं, कसं कळतं, तर म्हणे, "कळत नाही. ठामपणे बोलायचं."

डोंगरावरच्या ठाकर बायका पाट्या घेऊन दारावरून जात. पळसाच्या पानांच्या द्रोणात तोरणं, जांभळं, रानातली अळूची फळं. आई शिळी भाकरी आणि मीठ देई आणि द्रोण घेई. जांभळानं जीभ जांभळी, करवंदानं दात काळे, आणि अप्पा वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणत, "रानटी फळं. यांना लागवडीची शिस्त नाही."

मग दक्षिणेतल्या कुठल्याशा कंपनीचा कॅटलॉग आला. त्यात रंगीत चित्रं होती आणि चित्रांतली फळं हातात न मावणारी. संध्याकाळी व्हरांड्यात दिवा लावून निवड चाले. मुलीला स्थळ बघताना इतका विचार झाला नसेल असं म्हणायचा मोह होतो, पण ते वाक्य आमच्या घरात फार खरं ठरलं, म्हणून सोडून देते. रासबेरी, गूजबेरी, ब्लॅकबेरी. अप्पा ती नावं तोंडात घोळवत, जणू फळ आत्ताच खाल्लं आहे.

आईनं एकदा वाती वळता वळता विचारलं, "अहो, बेरी म्हणजे शेवटी बोरच ना?"

"बोर आणि बेरी यांत फरक आहे."

"काय?"

अप्पांनी कॅटलॉगचं पान उलटलं. "हवामानाचा."

जाळी तोडली. दोन गडी पहार घेऊन दिवसभर खपत होते. तोडलेल्या फांद्यांचा चीक जमिनीवर दुधासारखा सांडला होता आणि आम्ही दोघी पायरीवर बसून बघत होतो. ज्या दिवशी पार्सल आलं, त्या दिवशी अप्पा कोट चढवून, पगडी घालून स्टेशनात गेले. घाटावर गाडी चढवणारी मागची इंजिनं धापा टाकत होती, आणि त्या धुरातून अप्पा आले. मागून हमाल, डोक्यावर ओल्या गोणपाटात बांधलेली रोपं. उत्सवमूर्ती आणतात तसा थाट. सगळ्यांत शेवटी अंजिराचं कलम लावलं, मधोमध, व्हरांड्यातून दिसेल असं. रोज पाणी घालायचं काम ताईकडे आलं.

लोणावळ्याच्या पावसाला कॅटलॉग माहीत नव्हता. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे जग दिसेनासं होई. धुकं खिडकीतून आत येई आणि दारातून बाहेर जाई. जोड्यांना हिरवी बुरशी, अप्पांच्या पुस्तकांना पांढरी. श्रावण संपेतो रासबेरीच्या काटक्या राहिल्या, गूजबेरीच्या त्याही नाही. स्ट्रॉबेरीचा एक वाफा तेवढा कसाबसा जगला. त्याला पानं येत, फळ कधी आलं नाही. अंजिराची खरखरीत पानं तांबेरा पडून एकेक करून गळली आणि वरची काटकी काळी पडली.

पण हिवाळ्यात खाली, अगदी जमिनीलगत, फूट आली. तुकतुकीत, गुळगुळीत, तांबूस पानं. अप्पा सकाळी शाल पांघरून बाहेर जात आणि वाकून बघत. "मूळ धरलं! म्हटलं नव्हतं मी?"

आई म्हणाली, "पानं निराळी वाटतात पहिल्यापेक्षा."

"कोवळ्या वयात पानाचा आकार बदलतो. वनस्पतिशास्त्रात दिलं आहे."

आई गप्प बसली. फडताळातल्या देवांमुळं तिला ती सवय होती.

ते झाड असं वाढलं की बघत राहावं. दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्याएवढं, मग अप्पांच्या, मग छपराएवढं. येणाजाणारा फाटकाशी थांबून म्हणे, "अप्पासाहेब, तुमचं अंजीर छान वाढलंय हं." त्या 'तुमचं'वर जो भार असे, तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. साऱ्या गावाला दिसत होतं की दारात उंबर वाढतो आहे. पण लोणावळ्यासारख्या गावात पेन्शनरला खरं सांगणं हा शिष्टाचाराचा भंग होता. अप्पांना स्वतःला ते कधी उमगलं, मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं की एका वर्षी ते त्याला 'अंजीर' म्हणेनासे झाले. 'ते झाड' म्हणू लागले.

त्याच झाडाखाली अप्पा ताईला शिकवत. बीजगणित, भूगोल, इंग्रजी. गावात मुलींना पुढची शाळा नव्हती. ताईनं घरीच तयारी करून मॅट्रिकला बसायचं ठरलं होतं. ताईला गणित येई तसं मला पुढे बी.ए. होऊनही आलं नाही. ती गणित सोडवताना ओठ आत घेई आणि उत्तर आलं की पाटीवर दोन रेघा मारी, टाळी वाजवल्यासारख्या.

स्थळ सांगून आलं ते पुण्याच्या वकिलांचं. मूळचे सासवडचे. मुलगा हुशार, घर भरलेलं. ताई रडली नाही, हट्ट केला नाही. तिनं एकच विचारलं, "आणि मॅट्रिक?"

"लग्नानंतर बसायचं," अप्पा म्हणाले. "ही अट मी त्यांच्या तोंडावर घालणार आहे. मान्य नसेल तर चहा प्यावा आणि गाडी पकडावी."

"नक्की ना, अप्पा?"

"माझा शब्द आहे."

त्या शब्दावर ताई दाखवून घ्यायला तयार झाली.

मुलाचे वडील, नानासाहेब, मार्गशीर्षात सकाळच्या गाडीनं आले. हवा लख्ख होती, गवतावर दहिवर. त्या वर्षी झाडाला पहिल्यांदा फळं धरली होती. बुंध्यालाच घोसच्या घोस लगडलेले, काही पिकून लाल, काही खाली पडून फुटलेली, त्यांचा आंबूस-गोड वास आणि भोवती चिलटं. अप्पा पाहुण्यांना त्याच्या उलट्या बाजूनं नेत होते. हात पुढे करून ते स्ट्रॉबेरीचा उरलासुरला वाफा दाखवत होते.

नानासाहेब थांबले. वर पाहिलं. मग सावकाश वाकून पायांतले जोडे काढले, पगडी सारखी केली, आणि ओल्या गवतावरून अनवाणी झाडापाशी जाऊन त्यांनी बुंध्याला डोकं टेकलं. मग प्रदक्षिणा घातल्या, डोळे मिटून, ओठ हलवत. अप्पा पुढे केलेला हात तसाच धरून उभे. मी आणि ताई व्हरांड्यात. मला हसू येत होतं आणि मी पदर तोंडात कोंबला होता.

नानासाहेब परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले. "अप्पासाहेब, मला क्षमा करा. आम्हांला कुणी सांगितलं होतं, हे लोक सुधारक आहेत, देवधर्म मानत नाहीत. मंडळी तर नकोच म्हणत होती. मी म्हटलं, जाऊन तर बघू. आणि इथं दारात साक्षात औदुंबर! कुठलं रोप हे? दत्ताच्या वाडीचं का?"

अप्पांनी तोंड उघडलं. दोनच गोष्टी बोलण्यासारख्या होत्या. मी अंजीर लावलं होतं, हा उंबर त्यातून उगवला. आणि मी देव मानत नाही. पहिली बोलले असते तर हसं झालं असतं. दुसरी बोलले असते तर स्थळ गेलं असतं. मला वाटतं, त्यांना भीती पहिलीचीच वाटली.

"बाहेरून मागवलं होतं," ते म्हणाले. आणि नानासाहेब अजून बघतच होते म्हणून पुढे म्हणाले, "दत्तकृपा."

माझं हसू तिथंच गेलं. अप्पांच्या तोंडून तो शब्द ऐकणं म्हणजे त्यांना उघड्या अंगानं रस्त्यात बघण्यासारखं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई होती. तिनं खिडकी लावून घेतली.

नानासाहेबांनी ताईला जवळ बोलावलं. "बाळ, या झाडाला पाणी कोण घालतं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"झालं तर! आणखी काय बघायचं राहिलं?"

ताईनं अप्पांकडे पाहिलं. आता अट येणार. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "चला, चहा घेऊ," ते म्हणाले.

चहाच्या वेळी ते म्हणाले, "मुलीला वाचनाचा नाद आहे थोडा."

"असू दे की!" नानासाहेब म्हणाले. "पोथी वाचता आली म्हणजे बाईमाणसाला आणखी काय हवं?"

आणि अप्पा हसले. मोठ्यानं नव्हे, साहेबानं विनोद केल्यावर कचेरीत हसत असतील तसे. मी आयुष्यात पुष्कळ लाजिरवाण्या गोष्टी पाहिल्या, काही केल्याही, पण ते हसणं आठवलं की अजून माझे कान तापतात.

ताई आत येऊन कपबशा विसळू लागली. मला म्हणाली, "पाहुण्यांदेखत कसं बोलतील? स्टेशनवर पोचवायला जातील तेव्हा बोलतील." अप्पा पोचवायला गेले. गाडीची शिटी झाली, घाटाकडून तिचा आवाज परत आला. ताई फाटकाशी जाऊन उभी राहिली. अप्पा आले, हातात पेढ्यांचा पुडा.

"बोललात?"

"बोलू गं. सगळं एकदम बोलायचं नसतं."

त्यांनी पुडा तिच्या हातात दिला. तो तिनं दोन्ही हातांनी घेतला, आणि त्यानंतर तो विषय आमच्या घरात कुणी काढला नाही.

वैशाखात लग्न झालं. पुढच्या दत्तजयंतीला नानासाहेबांनी गवंडी पाठवून झाडाला पार बांधून दिला. मग गुरुवारी गावातल्या बायका येऊ लागल्या, मग पुरुष. कापूर, उदबत्ती, ओल्या तांदळाचा वास. टांगेवाले 'फर्न व्ह्यू' कधी म्हणत नव्हतेच. आता ते 'दत्ताचा बंगला' म्हणू लागले. गुरुवारी अप्पा खोलीचं दार लावून आत वाचत बसत. आरती सुरू झाली की पान उलटल्याचा आवाज थांबे. पाहुण्यांना ते आता काही दुरुस्त करत नसत. कृपा म्हटलं तर कृपा.

आणि मला त्यांनी पुण्याला शाळेत घातलं. वसतिगृहात ठेवलं. मी काही मागितलं नव्हतं. ताईएवढी मला ओढही नव्हती. एका सकाळी माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तू शीक." पुढे मी शिकले ते सगळं त्या दोन शब्दांवर. लोक माझ्या वडिलांचं कौतुक करत, त्या काळात मुलीला एवढं शिकवलं म्हणून. मी मान डोलवी. ते शिक्षण कुणाच्या वाटणीचं होतं, हे अशा वेळी कसं सांगायचं?

मी मॅट्रिक झाले त्या दिवाळीला ताई माहेरी आली होती, कडेवर मूल. सगळ्यांनी पेढे खाल्ले, गुण विचारले. ताई मला एकटीला गाठून म्हणाली, "बीजगणिताचा पेपर कसा होता?"

"सोपा होता," मी म्हणाले. मग वाटलं, कठीण होता म्हणायला हवं होतं. मग वाटलं, त्यानं तरी काय झालं असतं.

"कुठलं उदाहरण आलं होतं, सांग ना," ती म्हणाली. मी आठवेल तसं सांगितलं. मूल तिचं मंगळसूत्र ओढत होतं आणि तिनं ओठ आत घेतले होते.

तिचं वाईट झालं, असं नाही. नवरा सज्जन निघाला, घरात दूधदुभतं, मुलं गुणी. हे लिहिते ते कुणाला दोष द्यावा म्हणून नाही. पण सुखात असलेल्या माणसासमोर लाज वाटली तर ती ठेवायची कुठे? माफी मागावी तर ती म्हणेल, कसली? अप्पा गेले, आई गेली, बंगला एका व्यापाऱ्यानं घेतला. ती माफी बहुधा माझ्याकडे वारशानं आली होती, आणि मी इतकी वर्षं ती न फेडता सांभाळत आले.

नर्सरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. ताई त्या कलमाशी वाकली होती. जोडाखाली एक कोवळा कोंब डोकावत होता, तांबूस, तुकतुकीत. तिनं तो नखानं खुडला.

"असा खुडायचा असतो," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "ताई, तुला तेव्हा कळलं होतं?"

"म्हणजे काय? पाणी मी घालत होते ना? डोळे फुटले होते का माझे? पहिलं पान उघडलं तेव्हाच कळलं."

"मग खुडलं का नाहीस? सांगितलं का नाहीस?"

ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "अप्पा रोज सकाळी येऊन बघायचे गं. शाल सावरत, लहान मुलासारखे. सगळं मेलं होतं, तेवढंच जगलं होतं. त्यांची फजिती झाली असती." मग ती म्हणाली, "आणि मला वाटलं, आपण त्यांचं झाकलं तर तेही आपलं..." तिनं वाक्य तिथंच सोडून दिलं आणि पदरानं हात पुसले.

इतकी वर्षं घोकून ठेवलेलं काहीतरी मी बोलायला गेले. "ताई, अप्पांनी त्या दिवशी..."

"तू शिकलीस ना?" ती म्हणाली. "मग झालं." आणि ती रोपांच्या रांगेतून पुढे चालू लागली, मला कुणी काहीही विकू नये म्हणून.

पलीकडे तुतीची रोपं होती. नर्सरीवाल्यानं रुबाब वाढावा म्हणून प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी टांगली होती, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेली. ताईनं एक चिठ्ठी हातात घेतली. जवळ आणली, लांब धरली. मला वाटलं, चष्मा विसरली असेल. चष्मा डोळ्यांवरच होता.

"हे काय लिहिलंय गं? वाच बरं," ती म्हणाली. "माझं इंग्रजी गेलं सगळं."

लोणावळ्याच्या पावसाळ्यात खिडकीच्या काचा धुक्यानं आंधळ्या होत. त्या काचेवर माझं बोट आपल्या मुठीत धरून, वरून खाली ओढत, तिनंच मला ही अक्षरं काढायला शिकवली होती.

मी चिठ्ठी वाचली, "मलबेरी."

"तुतीच म्हणजे," ती म्हणाली. "आणि खाली? खाली आणखी काहीतरी लिहिलंय."

मी खालचंही वाचून दाखवलं.